लिमा नदीच्या काठाने: उत्तर पोर्तुगालमधली चार दिवसांची पायपीट, पूल, गढ्या आणि धान्याची कोठारं

पोर्तुगाल म्हटलं की लिस्बन, पोर्तो आणि दक्षिणेचे समुद्रकिनारे एवढंच बहुतेकांच्या यादीत असतं. पोर्तोच्या उत्तरेला, स्पेनच्या सीमेला टेकलेला मिन्यो हा हिरवागार, पावसाळी प्रांत मात्र राहून जातो. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तो चटकन ओळखीचा वाटतो. उतारावर दगडी बांध घालून केलेली शेतं, दरीत नदी, सकाळी धुकं आणि पावसात निसरडे होणारे दगड.

या प्रांतातल्या लिमा खोऱ्याबद्दल इथे लिहितो आहोत. ही नदी स्पेनच्या गालिसियात उगम पावते आणि सुमारे १०८ किलोमीटर वाहून व्हियाना दो कास्तेलो इथे अटलांटिकला मिळते. इथली जवळजवळ प्रत्येक जुनी वास्तू नदीमुळे आहे तिथे उभी आहे. नदी पायी ओलांडायला उतार मिळाला तिथे पूल झाला, पुलाशी बाजार भरू लागला, बाजाराभोवती तट आला. म्हणून हे खोरं गाडीच्या खिडकीतून ‘पॉइंट’ मोजत बघू नका. खालून वर, प्रवाहाच्या उलट दिशेने, जमेल तितकं पायी बघा.

कधी जायचं

मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथे भरपूर पाऊस पडतो, काठाच्या वाटा पाण्याखाली जातात आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधार होतो. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, हा मोठा फायदा. ऑगस्ट टाळलेला बरा. फ्रान्स-स्वित्झर्लंडला पोटासाठी गेलेले इथले लोक त्या महिन्यात गावी परततात, गावोगावी जत्रा भरतात आणि खोल्या मिळत नाहीत. शिवाय उन्हाळ्यात वणव्याचा धोका ‘अतिउच्च’ जाहीर झाला की जंगलातल्या वाटांवर प्रवेश बंद होऊ शकतो. ही घोषणा रोज बदलते, म्हणून आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी विचारून घ्या.

बाजार बघायचा असेल तर पोन्ते द लिमाचा बाजार दर पंधरवड्याने सोमवारी नदीच्या वाळवंटावर भरतो. एरवी हेच वाळवंट गाड्या लावायला वापरतात. तिथल्या पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, नदी फुगली की ते बघता बघता पाण्याखाली जातं. भाड्याची गाडी तिथे रात्रभर ठेवणार असाल तर आधी हवामान बघा.

पोहोचणं आणि फिरणं

पोर्तोच्या कांपान्या स्थानकावरून व्हियाना दो कास्तेलोला रेल्वे जाते. शेवटी ती १८७८ च्या लोखंडी पुलावरून, नदीच्या मुखाशीच, लिमा ओलांडते. तो पूल गुस्ताव्ह आयफेलच्या कंपनीने बांधला. पुढे खोऱ्यात रेल्वे नाही, बसच. पोर्तो किंवा ब्रागाहून पोन्ते द लिमाला थेट बसही मिळते.

खोऱ्याच्या आतल्या बसबद्दल एक गोष्ट माहीत नसली की अख्खा दिवस वाया जातो. त्या मुख्यतः शाळकरी मुलांसाठी चालतात. सोमवार ते शुक्रवार सकाळी आणि संध्याकाळी असतात, शनिवार-रविवारी फार थोड्या किंवा अजिबात नाहीत, आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे शाळेच्या सुट्टीत, त्या आणखी कमी होतात. वेळापत्रकात फेरीसमोर ‘दियास उतेइस’ लिहिलं असेल तर ती फक्त कामाच्या दिवशी, आणि ‘पेरियोदो एस्कोलार’ असेल तर फक्त शाळा चालू असताना. तळटीप न वाचता थांब्यावर उभे राहणारे पुष्कळ असतात.

गाडी घेणार असाल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना न्या. तो निघण्याआधी आपल्याकडच्या आरटीओतून काढावा लागतो. शेंगेन व्हिसा लागतोच. गाडी नसेल तर पहिले दोन दिवस पोन्ते द लिमा आणि पुढचे दोन आर्कोस द व्हाल्देव्हेझ असे दोन मुक्काम करा आणि लांबच्या फेऱ्यांसाठी टॅक्सी आदल्या दिवशी ठरवा. डोंगरातल्या गावांत फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून परतीची वेळही तेव्हाच पक्की करा.

वाटेच्या खुणा

पोर्तुगालमध्ये छोट्या नोंदणीकृत वाटेला ‘पीआर’ म्हणतात आणि तिची खूण म्हणजे दगडावर किंवा झाडावर दोन आडव्या पट्ट्या, वर पिवळी, खाली लाल. लांब पल्ल्याच्या ‘जीआर’ वाटेला पांढरी आणि लाल. दोन पट्ट्यांची फुली दिसली तर ती चुकीची वाट, मागे फिरा. वळणाआधी त्याच रंगांचा काटकोन असतो. पाटीवर क्रमांकानंतर येणारी तीन अक्षरं तालुक्याची असतात. ‘एव्हीव्ही’ म्हणजे आर्कोस द व्हाल्देव्हेझ, ‘पीटीएल’ म्हणजे पोन्ते द लिमा. नुसते पिवळे बाण मात्र स्पेनमधल्या सान्तियागो या तीर्थक्षेत्राला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंचे. ते पोन्ते द लिमाच्या पुलावरून जातात आणि उत्तरेच्या डोंगरात शिरतात. नदीकाठची वाट धरायची असताना या बाणांमागे गेलात तर तासाभराने चढावर असाल.

दहा मिनिटं चालूनही खूण दिसली नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत परत या. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. वेळेचा हिशोब करताना काठाच्या सपाट वाटेवर थांबे धरून तासाला तीन ते साडेतीन किलोमीटर धरा. चार-पाच धरणारे हमखास अंधारात सापडतात.

पहिला दिवस: पूल वाचायला शिका

पोन्ते द लिमा म्हणजे शब्दशः ‘लिमावरचा पूल’. राणी तेरेझाने ११२५ मध्ये या गावाला सनद दिली, म्हणजे पोर्तुगाल हे स्वतंत्र राज्य होण्याआधी. त्याच्याही आधी इथून रोमनांचा ब्रागा ते आस्तोर्गा रस्ता जात होता.

पुलावर गाड्या नाहीत, तेव्हा घाई करू नका. गावाच्या म्हणजे डाव्या काठावरून निघा आणि पलीकडे जा. उजव्या काठाजवळच्या थोड्या कमानी खालून बघा. त्या पूर्ण अर्धगोल आहेत, दगड नीट घडवून एकमेकांशी बसवलेले. हा रोमन भाग. आता गावाच्या दिशेने वळून बघा. पुढच्या कमानी वर टोकदार होत गेल्या आहेत, तो चौदाव्या शतकातला मध्ययुगीन भाग. एकाच पुलाचे दोन तुकडे असे का? नदीने पात्र बदललं. रोमन कमानी कोरड्या बाजूला राहिल्या आणि नव्या प्रवाहावर नवा, कितीतरी लांब पूल बांधावा लागला.

आणखी दोन गोष्टी बघितल्याशिवाय तिथून हलू नका. प्रवाहाच्या वरच्या बाजूला प्रत्येक खांबाला त्रिकोणी नाक काढलं आहे, पुराचं पाणी आणि वाहून येणारे ओंडके फाटून दोन्हीकडे जावेत म्हणून. आणि दोन मोठ्या कमानींच्या मधे, नाकाच्या वर, छोटी टोकदार खिडकी आहे. ती शोभेची नाही. पूर खांबाच्या वर चढला तर पाण्याला तिथून वाट मिळते आणि पुलावरचा दाब कमी होतो. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढे दरीत येणारा प्रत्येक जुना पूल स्वतःच उलगडत जातो.

काठावर रोमन सैनिकांचे पुतळे एका बाजूला आणि घोड्यावरचा सेनापती दुसऱ्या बाजूला दिसतो. त्यामागे आख्यायिका आहे. ही नदी म्हणजे ग्रीक पुराणातली विस्मृतीची नदी लीथ, ओलांडली की घरदार, नाव सगळं विसरतं, अशा भीतीने सैन्य थांबलं. सेनापती देसिमुस युनियुस ब्रुतुस एकटा पार झाला आणि पलीकडून एकेका सैनिकाला नावाने हाक मारली. ही मोहीम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली.

दुपारनंतर उजव्या काठाने पश्चिमेकडे बेर्तियांदोसच्या तळ्यांकडे चाला. ही रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट नेली आहे. पक्ष्यांसाठी दुर्बीण न्या आणि लांब बाह्यांचे कपडे घाला. उंच गवतात गोचिड्या असतात. परतल्यावर गुडघ्यामागे आणि कमरेच्या पट्ट्याखाली नक्की तपासा.

दुसरा दिवस: बंधारे, आणि कुलूपबंद चर्चची चावी

पोन्ते द लिमाहून पूर्वेला पोन्ते दा बार्का रस्त्याने सतरा-अठरा किलोमीटर. नदीकाठच्या ‘एकोव्हिया’ने, म्हणजे गाड्यांना बंद असलेल्या वाटेने, हे अंतर चालायला अख्खा दिवस लागतो. वाटेत पाणचक्क्यांसाठी घातलेले जुने बंधारे लागतात. ही वाट सायकललाही चालते आणि चढ जवळजवळ नाही. लांब चालायचं नसेल तर पहिले सहा-सात किलोमीटर चालून परत फिरा आणि पुढचा भाग गाडीने करा. या पट्ट्यात नदी सगळीकडे सारखीच शांत आहे, फार काही चुकत नाही.

जे चुकवायचं नाही ते ब्राव्हाइंश. पोन्ते दा बार्काच्या थोडं अलीकडे, दक्षिण काठच्या २०३ क्रमांकाच्या रस्त्यालगत, हे रोमानेस्क, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या मध्ययुगीन शैलीतलं लहानसं चर्च आहे. गोव्यातली चुन्याने रंगवलेली पांढरी चर्च डोळ्यांसमोर असतील तर इथे धक्का बसेल. उघडा करडा ग्रॅनाइट, छोटी खिडकी आणि सगळी कारागिरी पश्चिमेच्या दारात. खांबांवर माणसं, पक्षी, माकडं कोरली आहेत. बाजूच्या दारावरचं कोकरूही बघा. सकाळी हा दर्शनी भाग सावलीत असतो. कोरीव काम नीट दिसायला दुपारनंतरचं तिरपं ऊन लागतं, म्हणून चार वाजल्यानंतर पोहोचा.

अशा गावच्या चर्चना बहुतेक वेळा कुलूप असतं. इथेच बरेच जण बाहेरून फोटो काढून परत फिरतात. तसं करू नका. किल्ली सहसा शेजारच्या एखाद्या घरी असते. जवळच्या कॅफेत जा, आधी ‘बोम दिया’ किंवा दुपारनंतर ‘बोआ तार्द’ म्हणा, मग विचारा: ‘केम तेम आ शाव्ह दा इग्रेझा?’ चर्चची चावी कुणाकडे आहे? हा ‘शाव्ह’ म्हणजे आपलीच चावी. पाव, बटाटा, पिंप यांच्यासारखाच तो शब्द पोर्तुगीजांबरोबर कोकण-गोव्याच्या किनाऱ्याला उतरला आणि मराठीत राहिला. दुपारी साडेबारा ते अडीच ही जेवणाची वेळ, तेव्हा कुणाचं दार वाजवू नका. किल्ली घेऊन येणारी व्यक्ती बहुधा वयस्कर बाई असते. पैसे तिच्या हातात देण्यापेक्षा आतल्या दानपेटीत दोन युरो टाकणं तिथे रुचतं. आत जुनी भित्तिचित्रं आहेत, फ्लॅश वापरू नका.

पोन्ते दा बार्काच्या नावातच तिथला इतिहास आहे. ‘बार्का’ म्हणजे होडी. पूल होण्याआधी इथे होडीनेच नदी पार करत. पंधराव्या शतकातल्या पुलावर जाऊन कालची त्रिकोणी नाकं शोधा.

तिसरा दिवस: व्हेझची वाट, उलट दिशेने

आर्कोस द व्हाल्देव्हेझ हे लिमाची उपनदी व्हेझ हिच्या काठी आहे. ११४० च्या आसपास पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिकेस आणि आजच्या स्पेनमधल्या लेओनचा राजा अल्फोन्सो सातवा यांच्या सैन्यांची गाठ याच भागात पडली होती. इथली ‘एकोव्हिया दो व्हेझ’ ही सुमारे ३२ किलोमीटरची वाट तीन टप्प्यांत आहे. वेळ एकाच टप्प्याला असेल तर व्हिलेला ते सिस्तेलो हा वरचा, साधारण १०-११ किलोमीटरचा निवडा.

बहुतेक लोक व्हिलेलाहून वर सिस्तेलोला चढतात आणि तिथे परतीचं वाहन शोधत बसतात. तुम्ही उलट करा. खोरं खालून वर बघा असं सुरुवातीला सांगितलं, त्याला हा एकच अपवाद. सकाळी आठला आर्कोसहून टॅक्सीने थेट सिस्तेलो गाठा. धुकं उठताना पायऱ्यापायऱ्यांची शेतं दिसतात, गर्दी अजून आलेली नसते, आणि नंतर उतरत व्हिलेलापर्यंत तीन-चार तासांत आरामात पोहोचता. अंगात जोर असेल तर तसेच पुढे आर्कोसपर्यंत चाला, म्हणजे परतीच्या टॅक्सीचीही गरज नाही. शनिवार-रविवार टाळा. रस्ता अरुंद आहे आणि गाड्या अडकतात.

या शेतांना ‘सोकाल्कोस’ म्हणतात. चुना-सिमेंट न वापरता रचलेल्या दगडी ताली, त्यात मका, आणि वरून उताराने पाणी फिरवणारे पाट. पाट ओलांडताना त्यातला दगड किंवा फळी हलवू नका. कुणाच्या शेताला कधी पाणी जायचं हे ठरलेलं असतं. तालीवर चढून फोटो काढू नका, एक दगड निसटला की मागची माती पुढच्या पावसात खाली येते. वाटेवर मोठ्या शिंगांच्या, बुटक्या ‘काशेना’ गाई मोकळ्या फिरतात. त्या शांत असतात, पण वासरू आणि आई यांच्या मधून जाऊ नका.

इथले अपघात लाकडी फळ्यांवर होतात. झाडीतून जाणाऱ्या फळ्या दुपारपर्यंत ओल्याच राहतात आणि वर शेवाळ्याचा न दिसणारा थर असतो. गुळगुळीत तळाचे बूट नकोत. पावलं लहान टाका आणि उताराला कठडा धरा. नदीत पाऊल ठेवून पार व्हायचे दगड, ‘पोल्द्रास’, पाण्याखाली गेलेले असतील तर पार होण्याचा प्रयत्न करू नका, पाणी घोट्याएवढं दिसत असलं तरी. खालचा ग्रॅनाइट साबणासारखा असतो.

माणशी दीड लिटर पाणी न्या. गावातल्या दगडी झऱ्यांवर ‘आग्वा नाँव कोन्त्रोलादा’ अशी पाटी असेल तर ते पाणी तपासलेलं नाही. नळाचं पाणी सगळीकडे पिता येतं.

चौथा दिवस: सुआझो आणि लिंदोझो

आर्कोसहून पूर्वेला चढत गेलं की पेनेदा-झेरेश राष्ट्रीय उद्यान लागतं. ते १९७१ मध्ये झालं आणि देशातलं ते एकमेव राष्ट्रीय उद्यान आहे. वाटेतल्या मेझियो प्रवेशद्वाराशी नकाशे मिळतात, आणि वाटांची ताजी स्थितीही तिथेच कळते.

सुआझोला गावाच्या कडेला एकाच उघड्या खडकावर २४ ‘एश्पिगेइरो’ उभे आहेत. मक्याची कणसं ठेवायची दगडी कोठारं. सर्वात जुन्यावर १७८२ हे साल आहे. लांबून ती थडग्यांसारखी दिसतात, वर क्रूसही आहे, आणि घाईतले प्रवासी तेवढंच बघून निघतात. एका कोठाराशी वाका आणि पाय बघा. ग्रॅनाइटचा खांब, त्यावर खांबाच्या बाहेर चारही बाजूंनी आलेला रुंद, सपाट दगड, आणि त्यावर कोठार. उंदीर खांब चढून येतो, पण त्या बाहेर आलेल्या दगडाखाली उलटं लटकून त्याला पुढे जाता येत नाही. भिंतींमध्ये बोटभर उभ्या फटी आहेत. मका अमेरिकेतून आला आणि या पावसाळी प्रदेशात टिकला, पण शरद ऋतूत कापणी होते तेव्हा हवा इतकी दमट असते की बंद खोलीत कणसाला बुरशी धरते. वारा आत आणि पाऊस बाहेर, हे त्या फटींचं काम. सगळी कोठारं एकाच खडकावर का, तर तेच गावाचं सामायिक खळं. ऊन जास्तीत जास्त वेळ मिळतं आणि सगळ्यांच्या धान्यावर सगळ्यांची नजर राहते. काही कोठारं आजही वापरात आहेत, दार उघडू नका. चौकातल्या दगडी खांबावर कोरलेला भाबडा चेहरा बघून पुढे निघा.

लिमा ओलांडून दक्षिण काठाला लिंदोझो. इथे पन्नासहून अधिक कोठारं आणि त्यांच्या डोक्यावर सीमेवरचा किल्ला. मूळ तेराव्या शतकातला, आणि १६४० नंतर स्पेनशी युद्ध पेटलं तेव्हा तोफांसाठी बाहेरून बुरुज वाढवलेले. आधी किल्ला करा, कारण तो दुपारच्या जेवणाला बंद होऊ शकतो. कोठारं कधीही बघता येतात.

किल्ल्याजवळच १९९२ पासून चालू असलेलं, ११० मीटर उंचीचं आल्तो लिंदोझो धरण आहे. त्याच्या पाण्यात पलीकडच्या स्पेनमधलं आसेरेदो हे गाव बुडालं. २०२१-२२ च्या दुष्काळात पाणी उतरलं तेव्हा त्याच्या भिंती आणि रस्ते पुन्हा वर आले होते. धरणाखाली नदीत उतरताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की आकाश निरभ्र असतानाही पातळी मिनिटांत वाढते. काठावर लाटा आणि पळणाऱ्या माणसाचं चित्र असलेली पाटी दिसली तर मधल्या खडकावर जाऊन बसू नका. खाली तोव्हेदोचं दुसरं धरण हा चढउतार सावरतं, म्हणून पोन्ते दा बार्काच्या खाली नदी तुलनेने स्थिर असते.

जेवण आणि बारीकसारीक

स्वयंपाकघर दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री साडेसातनंतरच चालतं. मधल्या वेळेसाठी ‘ब्रोआ’ हा मक्याचा घट्ट पाव आणि चीज जवळ ठेवा. टेबलावर न मागता आलेला पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात. नको असेल तर हात न लावता परत द्या. एक पूर्ण ‘दोझ’, म्हणजे एका पदार्थाची ताटली, दोघांना पुरते, ‘मेया दोझ’ म्हणजे अर्धी.

पोन्ते द लिमाची खास डिश म्हणजे ‘आरोज द साराबुल्यो’. ही डुकराचं मांस आणि रक्त घालून केलेली भाताची डिश आहे, हे मागवण्याआधी माहीत असावं. ‘काल्दो व्हेर्द’ हे सूप नुसत्या हिरव्या पानांचं वाटतं, पण त्यात सॉसेजची चकती आणि कधी मांसाचं पाणी असतं. शाकाहारी असाल तर ‘सेम कार्न, सेम पेइश, सेम शोरिसो’ (मांस नको, मासे नको, सॉसेज नको) असं तिन्ही म्हणा, कारण नुसत्या ‘कार्न’मध्ये सॉसेज धरलं जातंच असं नाही. भाज्यांचं सूप, आमलेट, भात आणि कोशिंबीर बहुतेक ठिकाणी करून देतात. इथली व्हिन्यो व्हेर्द ही हलकी वाइन प्रसिद्ध आहे. लाल प्रकार मागवला तर जुन्या खानावळीत ती पेल्याऐवजी पांढऱ्या वाडग्यातून येते.

डोंगरातल्या गावांत कार्ड चालेलच असं नाही. एटीएम पोन्ते द लिमा किंवा आर्कोसलाच वापरा आणि सुटे युरो जवळ ठेवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत गुरुवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शिकारी रानात असतात. तेव्हा भडक रंगाचं जाकीट घाला आणि ठळक वाट सोडू नका. अडचणीत ११२ लावा, आणि जवळच्या पाटीवरचा वाटेचा क्रमांक सांगा. झाडीत नेमकी जागा शब्दांत समजावणं कठीण जातं, पाटीवरच्या आकड्यावरून मदत लवकर पोहोचते.